हरकत मंजूर

आमच्या वकीलसाबांची स्कूटर नेरच्या बाजारातून कधी चालू स्थितीत गेली नाही. बसस्टँडच्या वळणावर ते उतरायचे, इंजिन बंद करायचे आणि काळ्या कोटात घामाघूम होत ते धूड हातानं ढकलत न्यायचे. नवीन माणूस हमखास विचारायचा, "काय वकीलसाब, पेट्रोल संपलं का?"

"पेट्रोल हाये. लोकंही हायेत," ते म्हणायचे आणि ढकलत राहायचे.

बाजार संपला की किक मारून स्वार. त्यांचं गणित सोपं होतं. गर्दीत यंत्र आणलं की तुम्ही ते कितीही जपून चालवा, जे होईल ते आणणाऱ्याच्या अंगावर. मग आणायचंच कशाला? मला आधी हे नाटक वाटलं. वकिलीत थोडं नाटक चालतं, किंबहुना लागतंच. पण मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हात कोणी नाटक करत नाही, हे माझ्या लवकरच लक्षात आलं.

मी नुकतीच वकिलीची परीक्षा पास झाले होते. वडील तहसील कचेरीत कारकून, त्यांच्या मनात मी सरकारी नोकरीत चिकटावं असं होतं. जाहिरात निघेपर्यंत बस कुठंतरी, म्हणून त्यांनी मला या माणसाच्या ऑफिसात बसवलं. बाररूममधल्या इतर वकिलांनी माझ्याकडं पाहून फक्त मान हलवली होती. त्या हलवण्यात सहानुभूती होती.

बाकीचे वकील वाटणीचे दावे लढायचे, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात तीन-तीन पिढ्या काढायचे, जामीन करून द्यायचे. वकीलसाबांनी धरलं होतं अपकृत्य. कायद्याच्या अभ्यासक्रमात या विषयाचा एक पेपर असतो आणि तो पास होऊन विसरून जायचा असतो. कोणाची भिंत कोणावर पडली, कोणाचा कुत्रा कोणाला चावला, कोणाच्या उघड्या विहिरीत कोणाची म्हैस गेली, यातून जे नुकसान होतं ते कोणी भरायचं, एवढाच तो कायदा. आमच्या भागात वीतभर धुऱ्यासाठी माणूस सुप्रीम कोर्टात जाईल, पण अंगावर भिंत पडली तर नशीब म्हणून घरी बसेल. वकीलसाब या घरी बसणाऱ्यांना हुडकून काढायचे.

ऑफिसात दोन शब्दांना बंदी होती, नशीब आणि अपघात. पक्षकार बोलता बोलता म्हणाला, "आता नशिबातच होतं, साहेब," की ते हात वर करायचे. "पानी प्या. आन पुन्हा पह्यलेपासून सांगा. नशिबाले नोटीस पाठवता येत नाही." मी दाव्यात 'दुर्दैवी अपघात' लिहिलं की त्यावर लाल रेघ. "काय झालं ते लिही, बेटा. पत्रा उडाला. मान कापली. बस."

नोटिसा मात्र ते सगळ्यांना पाठवायचे. समोरच्या चहावाल्याचा पत्रा लोंबकळतो म्हणून त्यालाही एक गेली होती. त्यानं ती गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवली, सगळे पोट धरधरून हसले, आणि मग त्यानं पत्रा ठोकून घेतला. वकीलसाबांचा त्याच्याकडचा चहा एक दिवसही बंद झाला नाही. कहर म्हणजे आमच्याच ऑफिसची एक पायरी निखळली आणि एक म्हातारा पक्षकार तोंडावर पडला. वकीलसाबांनी त्याच्या वतीनं मला वकील नेमलं आणि स्वतःविरुद्ध नोटीस लिहायला लावली. मी लिहिलं, 'आपल्या निष्काळजीपणामुळे.' ते त्यांनी खोडलं.

"निष्काळजीपना कुठून आला? मी कालच पायरी पाह्यली होती, मजबूत होती."

"मग तुमची चूक काय?"

"चूक काहीच नाही. पायरी माही हाये."

त्यांनी स्वतःच्या नोटिशीला उत्तर दिलं, जबाबदारी कबूल केली आणि म्हाताऱ्याला हाडवैद्याकडं घेऊन गेले. म्हातारा बिचारा दोन्ही कागद हातात धरून गोंधळलेला होता. मी हसले होते, पण त्या पायरीवर मला हा कायदा जेवढा समजला तेवढा कॉलेजात समजला नव्हता. एक जबाबदारी हयगयीची असते, ती सिद्ध करावी लागते. दुसरी चुकीशिवायची. धोक्याची वस्तू तुमची, तर तिनं केलेलं नुकसानही तुमचं. पुस्तकात तिला कठोर दायित्व म्हणतात.

वकीलसाब तिचं वाघावरून स्पष्टीकरण द्यायचे. "समज, एकानं घरात वाघ पाळला. भारी पिंजरा, भारी कुलूप. तरी वाघ निंगाला आन शेजाऱ्याची शेळी खाल्ली. आता कुलूप बरोबर होतं का नव्हतं, हे शेळीनं कायले सिद्ध करावं? वाघ कोनाचा, एवढं सांग. खेल खतम."

यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहाचा कप खाली ठेवता ठेवता. त्यांचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते. यंत्रात हात गेला. मालक चांगला माणूस होता, केळी घेऊन दवाखान्यात आला आणि मायेनं म्हणाला, "मिस्त्री, लक्ष कुठं होतं तुमचं?"

"अब्बा त्याच्यानंतर लई वर्षं जगले," वकीलसाब म्हणाले. "रोज बसून आठवायचे. मेरा ध्यान कहाँ था? शेवटपर्यंत त्यायले आठवलं नाही. हात गेला तो गेला, त्या मानसानं सवाल देऊन ठेवला."

म्हणून त्यांना चूक कोणाची हा प्रश्नच नको होता. गरिबाच्या बाबतीत चूक शोधायला निघालं की ती फिरून त्याच्याच दारात येते, असा त्यांचा ठाम विश्वास होता. त्या प्रश्नातून माणसाला सोडवणारा हा एकच कायदा आहे असं ते मानायचे, आणि मीही मानायला लागले होते.

ते दिवस वाईट होते. कापसानं सगळा जिल्हा बसवला होता. रोज पेपरात एखादं गाव असायचं, गाड्या यायच्या, साहेब उतरायचे, आणि गेलेल्या माणसांची पात्र-अपात्र अशी विभागणी व्हायची. ज्याचं मरण पात्र, त्याच्या घरी मदत. बाकीच्यांनी आपापलं पाहावं. अशा दिवसांत बोरी अरबच्या पुढच्या एका गावातून एक बाई भावासोबत ऑफिसात आली. तिचा नवरा विजेच्या तारेनं गेला होता. त्याच्या नावावर शेत नव्हतं, त्यानं काही पिऊन घेतलं नव्हतं, त्यामुळं कोणत्याही यादीत तो बसत नव्हता.

नवरा हंगामात जिनिंगवर जायचा, ती कापूस वेचायला. दोघं झुंजुमुंजू असतानाच एका वाटेनं निघायचे. तो पुढं होता. एका मोठ्या शेतकऱ्याच्या शेताजवळ तुटलेली तार वाटेत पडली होती, ती त्याला दिसली नाही.

बाईनं एवढं सांगितलं आणि ती थांबली. वकीलसाब म्हणाले, "बस. तार कंपनीची, वीज कंपनीची. आपली केस मजबूत हाये."

"पन बांबूचं सांगाचं राह्यलं ना, साहेब," ती म्हणाली.

मग तिनं बांबूचं सांगितलं. लोडशेडिंगमुळं त्या गावात, खरं तर सगळ्याच गावांत, लोक बांबूला लोखंडी हूक लावून तारांवर आकडे टाकायचे आणि मोटारी चालवायचे. त्या शेताच्या गोठ्याला असा एक बांबू टेकलेला असायचा, हे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. नवरा तारेला चिकटलेला पाहून ती धावली आणि तोच बांबू घेऊन तिनं तार ढकलली. तार सुटली, नवरा वाचला नाही. ती बांबू टाकून त्याच्याजवळ बसली. तिच्या आरडाओरड्यानं गाव जागं झालं, आणि गावानं पहिलं काम काय केलं, तर लाइनीवर जिथं जिथं ज्याचे आकडे होते ते धावत जाऊन काढले, कारण आता साहेब लोक येणार. पोलीसपाटलाला त्यानंतर कळवलं. सगळे बांबू घराघरांत गेले, फक्त हिच्याजवळचा उचलायची कोणाची हिंमत झाली नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'मयताशेजारी हूक लावलेला बांबू मिळून आला.'

"आता गाव म्हन्ते, तो आकडा टाकाले गेलता, चोरी करता करता मेला. आमच्या घरी ना वावर, ना मोटार. कायले आकडा टाकंल तो?" बाई शांतपणे बोलत होती. हे तिनं मनात पुष्कळदा म्हटलेलं असावं. "माहा सासरा भजनात जात होता, पेटी वाजवत होता. तेथी कोनीतरी मांगून बोललं. तवापासून घरातून निंगत नाही. तुमी मले पैसे देऊ नका, नाही देल्ले तरी चालते. पन बांबू मी आनला, हे कोर्टात लिवून पाह्यजे. सासऱ्याले वाचून दाखवाचं हाय."

"लिहू," वकीलसाब म्हणाले. मी तिथं होते. ते 'लिहू' म्हणाले होते.

पण दावा तयार झाला तेव्हा त्यात बांबू नव्हता. मी विचारलं. ते म्हणाले, "बेटा, बांबू काढला की आकडा निंघते. आकडा निंघाला की सवाल येते, बांबू कोनाचा. ते शेतवाले म्हनतील, आमचा नाही. गावात एक मानूस तिच्या बाजूनं बोलनार नाही, सगळ्यायच्या घरात बांबू हायेत. मंग कोर्ट काय समजंल? वाघ कोनाचा, एवढंच विचारायचं." कायद्यानं ते बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

कंपनीनं उत्तर दिलं की तार वादळानं तुटली, निसर्गाचा प्रकोप. आकड्याचा उल्लेख त्यांनीही टाळला होता, कारण आकडे मान्य केले तर इतकी वर्षं तुम्ही लाइन पाहिली नाही का, हा प्रश्न आला असता. वकीलसाब खूश होते. दोन्ही बाजूंनी बांबू बाहेर राहिला होता.

बाईची साक्ष यवतमाळच्या कोर्टात झाली. ती धुतलेलं जांभळं लुगडं नेसून आली होती आणि पिंजऱ्यात अगदी ताठ उभी राहिली. कंपनीचे वकील उलटतपास घेताना वादळावर घसरले, वारा कुठून होता, पाऊस होता का, त्यातून काही निघेना. मग त्यांनी पंचनामा उचलला.

"मयताजवळ हूक लावलेला बांबू सापडला. तो बांबू कोणाचा होता, बाई?"

मी बाईकडं पाहत होते. तिचा चेहरा उजळला, दुसरा शब्द मला सुचत नाही. इतक्या वर्षांत कोणीतरी तिला हे विचारलं होतं, आणि तेही न्यायाधीशासमोर, टाइप करणारा बोटं तयार ठेवून बसलेला असताना. तिनं पदर नीट केला आणि तोंड उघडलं.

"हरकत," वकीलसाब उभे राहून म्हणाले. "कंपनीनं आपल्या उत्तरात हा मुद्दा मांडलेला नाही. प्रश्न गैरलागू आहे."

न्यायाधीशांनी कागद चाळले. "हरकत मंजूर."

बाई तशीच उभी होती. थोड्या वेळानं तिनं तोंड मिटलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. तार कशी तुटली यात शिरण्याचं कारण नाही, चूक कोणाची हे ठरवण्याची गरज नाही, धोक्याची वस्तू वाहून नेणारी कंपनी भरपाईला जबाबदार आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वकीलसाबांना आयुष्यभर जे वाक्य हवं होतं ते कोर्टानं लिहून दिलं होतं. त्यांनी पेढे आणले. कोर्टाच्या व्हरांड्यात बाईच्या हातावर पेढा ठेवला.

तिनं विचारलं, "बांबूचं काय लिवलं?"

"गरजच नाही पडली, बाई. आपन जिंकलो."

तिनं पेढा पदराच्या टोकात बांधला आणि ती बसला निघून गेली. वकीलसाब रिकामं खोकं हातात धरून व्हरांड्यात उभे राहिले.

त्यानंतर गावाकडून बातम्या यायच्या. भरपाई मिळाल्यावर लोक म्हणू लागले, पाहा, चोरी केली आन वरतून पैसेही घेतले. चूक नव्हती म्हणून मिळाले असं कोणी म्हणेना, आणि म्हणणार तरी कसं, निकालात तसं नव्हतंच. पैशानं त्या घरावरचा डाग पक्का झाला. हे आम्ही केलं होतं.

वकीलसाबांनी मग जे केलं ते त्यांच्याच डोक्यातून निघू शकत होतं. ते स्वतः जिंकलेल्या दाव्यावर अपील करायला निघाले. आम्हाला भरपाई मान्य आहे, पण चूक कोणाची तेही ठरवा, असा मसुदा त्यांनी केला. मी सांगून पाहिलं. फाइल करायला गेलो तर तिथला कारकून म्हणाला, "वकीलसाब, जिंकलेल्या मानसाचं अपील मी नोकरीत पाह्यलं नाही." सगळे हसले. मोठ्या वकिलांना विचारून झालं, नागपूरला जाऊन झालं. कायद्यात तशी जागा नव्हती. जो प्रश्न कोर्टानं सोडून दिला तो परत विचारायला लावता येत नाही, विशेषतः आपणच तो सोडायला लावला असेल तेव्हा.

पुढं ते बदलले आणि ते सगळ्या नेरनं पाहिलं. त्यांनी कोर्टात हरकत घेणं सोडलं. समोरच्या वकिलानं काहीही विचारावं, नवऱ्याचं दारूपाणी, बायकोचं माहेर, वकीलसाब खुर्चीत बसून राहायचे. पक्षकार तासन्‌तास बोलायचे, असंबद्ध बोलायचे, आणि ते अडवायचे नाहीत. त्यांचे दावे एकामागून एक पडले. बाररूममध्ये म्हणत, म्हातारा सटकला. लोक येणं बंद झालं. मला तेव्हा नोकरी लागली होती, मी रविवारी भेटायला जायचे, आणि ते रिकाम्या ऑफिसात कोट घालून बसलेले असायचे. मला त्यांचा फार राग यायचा आणि रडूही यायचं. इतका हुशार माणूस असा हळूहळू विझत होता आणि माझ्याकडं त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या बाईच्या घरी आम्ही गेलो होतो, आणि त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अपिलाचं काही होत नाही हे तिला समक्ष सांगायला हवं, असं ते म्हणाले, म्हणून मीही गेले होते. दुपारची वेळ होती. घर आता पक्क्या विटांचं होतं. बाईनं आम्हाला ओसरीवर चटई टाकून दिली. आत खाटेवर सासरे बसले होते, हडकुळे, कान जरा मंद, पेटीवर चादर झाकलेली. वकीलसाबांनी अपिलाचं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं.

"मी तेथी उभी होती, वकीलसाब," ती म्हणाली. "त्यानं इचारलं होतं. मी सांगूनच राह्यली होती."

"बाई, तुमी सांगितलं असतं तर केस हरलो असतो."

"हरलो असतो." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. "बोलली तं असती."

वकीलसाब म्हणाले, "आता सांगा. मी ऐकतो."

"तुमाले काय सांगू? तुमाले तं पह्यलेपासूनच माहीत होतं." ती चहा ठेवायला आत गेली.

तेवढ्यात सासऱ्यांनी आम्हाला हाक मारली. उशाखालची पिशवी काढून त्यांनी निकालाची नक्कल वकीलसाबांच्या पुढं धरली. नक्कल बाईनं त्यांना दिली होती, पण वाचून दाखवली नव्हती. काय वाचून दाखवणार होती?

"साहेब, आपन जिंकलो ना?"

"जिंकलो, बाबा."

"मंग त्याच्यात लिवलं असंल, माह्या पोराची चूक नव्हती म्हून. सून म्हन्ते मोठं इंग्रजी हाय, मले नाही समजत. तेवढं जरा वाचून दाखवा."

वकीलसाबांनी चष्मा लावला. नक्कल उघडली, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. तो निकाल त्यांना तोंडपाठ होता, त्यात ते वाक्य नव्हतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी ते एकेका ओळीवर बोट ठेवून खाली येत होते, शेवटचं पान झाल्यावर पुन्हा पहिल्यावर गेले. स्टोव्हचा आवाज येत होता. मी त्यांच्याकडं पाहू शकले नाही.

म्हातारा खाटेच्या कडेला सरकून बसला, मांडीवर हात ठेवले.

"पाहा सावकाश," तो म्हणाला. "मले कोठी जाचं हाय?"